शेजारच्या घरात मारहाण होत असेल तर: सोबत उभे राहणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) असे दिसले की, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. बाकीच्यांपैकी बहुतेकींनी ती गोष्ट कोणाला सांगितलीसुद्धा नव्हती. तिने सांगितले नाही म्हणजे कोणाला माहीत नव्हते, असे मात्र नसते. चाळीत, वाड्यात, वस्तीवर किंवा सोसायटीत राहणाऱ्या माणसाला भिंतीपलीकडचा आवाज ऐकू येतो, सकाळी नळावर किंवा लिफ्टमध्ये सुजलेला चेहराही दिसतो. तरीही गप्प बसण्याची कारणे साधारण दोनच असतात: ‘तो त्यांच्या घरातला मामला आहे’ आणि ‘उद्या आपल्यावरच उलटले तर?’ या दोन्ही शंकांना कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात उत्तर आहे. ते फारसे कोणाला ठाऊक नसते, एवढेच.

हा लेख त्या शेजाऱ्यांसाठी, बहीण-भावांसाठी, मैत्रिणींसाठी आणि सहकाऱ्यांसाठी आहे. पोलीस ठाण्यात, संरक्षण अधिकाऱ्यांकडे आणि न्यायालयाच्या व्हरांड्यात अशा स्त्रियांसोबत मी अनेकदा बसले आहे. कुठे अडते, कोण काय सांगून परत पाठवते आणि कोणता कागद ऐन वेळी सापडत नाही, हे तिथे बसल्यावर कळत जाते. येथे दिलेली माहिती महाराष्ट्र डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. केंद्रीय कायदे गोव्यातही हेच आहेत.

१. कायद्याने तुम्हाला दिलेली जागा ओळखा

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४ नुसार, एखाद्या घरात असा हिंसाचार झाला आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे मानण्यास ज्या कोणाकडे कारण असेल, ती कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली स्त्रीला मदत करण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, माहिती देऊ शकते. माहिती देणारी व्यक्ती नात्यातली असण्याची अट नाही. सद्भावनेने दिलेल्या अशा माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असेही त्याच कलमात म्हटले आहे. माहिती तोंडी दिली तर अधिकाऱ्याने ती लिहून घ्यायची, देणाऱ्याची सही घ्यायची आणि त्याला एक प्रत विनामूल्य द्यायची, अशी नियमांत तरतूद आहे. ती प्रत मागून घ्या.

येथेच पहिला सापळा आहे. नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचा गुन्हा, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ४९८-अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, हा पोलिसांच्या दृष्टीने दखलपात्र (न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येईल असा) ठरण्यासाठी माहिती त्या स्त्रीने स्वतः किंवा रक्ताच्या, विवाहाच्या अथवा दत्तक नात्यातील व्यक्तीने द्यावी लागते. असा नातेवाईक नसेल, तर शासनाने त्यासाठी अधिसूचित केलेल्या लोकसेवकाने दिलेली माहिती चालते. म्हणून निव्वळ शेजारी असलेला माणूस तावातावाने ठाण्यात जाऊन ‘४९८ लावा’ म्हणू लागला, तर त्याला परत पाठवले जाते, आणि मग ‘पोलीस काही करत नाहीत’ अशी त्याची कायमची समजूत होते. शेजाऱ्यासाठी दोन दारे उघडी असतात: प्रसंग चालू असताना ११२ हा आपत्कालीन मदतीचा फोन क्रमांक आणि एरवी संरक्षण अधिकारी.

२. आवाज येत असताना काय करावे

दाराची बेल वाजवा. वाटीभर साखर, पाण्याची वेळ, चुकून आलेले कुरिअर, कोणतेही निमित्त चालते. २००८ मध्ये सुरू झालेली ‘बेल बजाओ’ ही मोहीम नेमक्या याच साध्या कृतीवर उभी होती. कोणीतरी ऐकत आहे हे मारणाऱ्याला कळले की त्या क्षणापुरता हात बऱ्याचदा थांबतो. बेल वाजवायला एकट्याने जाऊ नये, दोघे-तिघे जावे, आणि दारात उभे राहून त्या माणसाला जाब विचारू नये. तुमच्यासमोर झालेल्या अपमानाचा वचपा दार बंद झाल्यावर तिच्यावर निघतो.

हत्यार दिसत असेल, तिचा आवाज अचानक बंद झाला असेल किंवा मुले किंचाळत असतील, तर थेट ११२ वर फोन करा. पत्ता सांगताना इमारत, मजला, खोली आणि जवळची खूण सांगा. ‘नवरा-बायकोचे भांडण चालू आहे’ असे सांगू नका, जे ऐकले तेच सांगा: ‘बाई वाचवा म्हणून ओरडत आहे, मारल्याचा आवाज येत आहे.’ गाडी किती तातडीने निघेल हे बरेचसे तुमच्या या पहिल्या वाक्यावर ठरते. फोन केल्याची वेळ लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट. मोबाईलवर चित्रीकरण केले असेल, तर ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. तो पुरावा आहे. गटावर गेला की तिची बेअब्रू होते, नवऱ्याला सावध व्हायला वेळ मिळतो आणि कधी कधी तीच घाबरून सगळे नाकारते.

३. तिच्याशी बोलताना

दुसऱ्या दिवशी ती एकटी भेटेल अशी वेळ काढा. गिरणीत, मुलांना शाळेत सोडताना, दवाखान्याच्या रांगेत. तिच्या मोबाईलवर ‘काल काय झाले?’ असा संदेश पाठवणे धोक्याचे असते, कारण तो फोन बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातात असतो. ‘तू अजून तिथे राहतेसच कशाला?’ हा प्रश्न टाळा. ती का राहते याची कारणे तिला तुमच्यापेक्षा चांगली ठाऊक असतात: मुलांची शाळा, माहेरची परिस्थिती, नावावर काही नसणे आणि निघाल्यावर अधिक मार बसेल ही रास्त भीती. ‘मी ऐकले. तुला हवे तेव्हा मी सोबत येईन,’ एवढे पुरे आहे.

काय करायचे हे तिला ठरवू द्या. तिला गुन्हा नोंदवायचा नसेल, फक्त मार थांबायला हवा असेल, घरात राहण्याचा हक्क हवा असेल किंवा नुसती माहिती हवी असेल, तर यातल्या प्रत्येक इच्छेसाठी कायद्यात वेगळी वाट आहे. एका गोष्टीची चौकशी मात्र आवर्जून करा: त्याने कधी गळा दाबला आहे का? गळा दाबण्याचा प्रकार एकदा जरी घडला असेल, तरी पुढचा धोका जिवाचा असतो आणि बाहेरून खूण दिसत नसली तरी आत इजा असू शकते. हत्याराची धमकी, गरोदरपणातली मारहाण आणि ‘मुलांना संपवून मी पण जीव देईन’ अशी भाषा, यांपैकी काही असेल तर थांबून पाहण्याचा सल्ला देऊ नका.

बोलायला तुमच्याखेरीज कोणी हवे असेल, तर १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे.

४. कागदपत्रे आणि पिशवी

कागद घराबाहेर विश्वासाच्या ठिकाणी ठेवणे हे सोबत्याचे खरे काम आहे. मूळ कागद काढणे शक्य नसेल, तर मोबाईलवर स्पष्ट छायाचित्रे घेऊन ती तुमच्याकडे ठेवावीत आणि तिच्या फोनमधून पुसून टाकावीत.

- आधार कार्ड, रेशन कार्ड, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे दाखले
- विवाह नोंदणी प्रमाणपत्र. ते नसेल तर लग्नपत्रिका आणि लग्नाची छायाचित्रे
- नवऱ्याच्या उत्पन्नाचा जो मिळेल तो पुरावा: पगारपत्रक, दुकानाचा परवाना, सातबारा उतारा, वाहनाचे कागद
- स्त्रीधनाची यादी, दागिन्यांच्या पावत्या, ते अंगावर असलेली छायाचित्रे
- दवाखान्याचे जुने केसपेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या
- आधी कधी ठाण्यात गेली असेल तर त्या वेळच्या नोंदीची प्रत

लग्नाचा दाखला नाही म्हणून काम अडत नाही. हा कायदा लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेल्या स्त्रीला, आईला, बहिणीला, विधवा सुनेलाही लागू आहे. कागदांपेक्षा अवघड काम आठवणींचे असते. ‘तो रोज मारतो’ या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. म्हणून शांतपणे बसून तिच्याकडून घटना तारखेनिशी लिहून घ्या; तारीख आठवत नसेल तर खुणेने: ‘गौरी-गणपतीच्या दुसऱ्या दिवशी’, ‘धाकट्याच्या वाढदिवसाच्या रात्री’, ‘दिवाळीचा बोनस आला त्या आठवड्यात’. पहिली घटना, सर्वांत गंभीर घटना आणि सर्वांत अलीकडची घटना, या तीन नीट लिहिल्या की बाकीच्या त्यांना धरून आठवू लागतात. कशाने मारले, कुठे लागले, कोण समोर होते, नंतर ती कुठे गेली, हेही त्यात यावे. पगार काढून घेणे, घरखर्चाला पैसे न देणे, दागिने विकणे हा आर्थिक हिंसाचार आहे आणि शिवीगाळ, चारित्र्यावर संशय, मूल होत नाही म्हणून टोचणे हा शाब्दिक व भावनिक हिंसाचार आहे. कायद्यात दोन्हींचा स्पष्ट उल्लेख असल्याने त्यांना यादीतून वगळू नका.

संदेश किंवा ध्वनिमुद्रण असेल तर मूळ फोन जपून ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते, ते वकिलाच्या मदतीने तयार करावे; फोनच विकून टाकला तर पंचाईत होते.

५. आधी दवाखाना

ताजी जखम असेल तर तक्रारीच्या आधी सरकारी रुग्णालय गाठा. पोलिसांचे पत्र नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. डॉक्टरांपुढे बहुतेक जणी ‘न्हाणीघरात घसरले’ असेच सांगतात, कारण नवरा किंवा सासू शेजारी उभी असते. सोबत्याने तिला एकटीला आत जाऊ द्यावे आणि ‘कोणी मारले, कशाने मारले’ हे केसपेपरवर लिहून घेण्याची विनंती तिने करावी. वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी, झाली का हे विचारा आणि तिचा क्रमांक टिपून घ्या. घसरून पडल्याची नोंद एकदा कागदावर गेली की दोन वर्षांनी उलटतपासणीत तोच कागद तिच्यापुढे धरला जातो. मुका मार दोन-तीन दिवसांनी जास्त काळानिळा दिसतो, म्हणून छायाचित्रे पुन्हा एकदा काढा.

६. पोलीस ठाण्यात

ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी तुमचे पहिले काम गप्प राहण्याचे आहे. बोलायचे तिने, तुम्ही तारखांचा कागद हातात धरून बसायचे. तिला हवे असेल तर महिला कर्मचाऱ्याने जबाब घ्यावा अशी विनंती करा.

सर्वांत नेहमीचा सापळा म्हणजे एन.सी. किरकोळ दुखापत आणि शिवीगाळ यांची अदखलपात्र नोंद करून एक कागद हातात दिला जातो आणि तक्रार झाली असे समजून बाई घरी परतते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय अशा नोंदीवर पोलिसांना तपास करता येत नाही. छळ वारंवार होत असेल, हुंड्याची किंवा पैशांची मागणी असेल, गंभीर इजा असेल, तर ती नोंद पुरेशी नाही. प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, नोंदवण्याचा आग्रह धरा. एन.सी. अगदीच निरुपयोगी असते असे नाही. पुढे संरक्षण अधिकाऱ्यांकडे आणि न्यायालयात ती आधीच्या घटनेचा पुरावा म्हणून उपयोगी पडते, तेव्हा तिची प्रत सोडू नका.

जबाब टंकलिखित झाला की सही करण्यापूर्वी तो तिला शब्दन् शब्द वाचून दाखवायला सांगा. एका जबाबात, लोखंडी पाइपने मारल्याचे सांगितलेले असताना, ‘घरगुती किरकोळ कारणावरून वाद होऊन हाताने मारहाण’ असे आले होते. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते, बोटांना वळण पडलेले होते. दुरुस्ती करायला सांगितल्यावर ती झालीही. सही झाल्यानंतर मात्र ते जड जाते.

एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. सासर साताऱ्याचे आणि आसरा घेतलेले माहेर लातूरचे असेल, तर लातूरलाही तक्रार करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर तक्रारीची लेखी प्रत पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे, नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि पोचपावती जपा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग खुला असतो.

‘आधी समुपदेशन करून घ्या, मग बघू’ हे वाक्य हमखास ऐकू येईल. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत पहिला कक्ष सुरू केला आणि तेथील प्रशिक्षित कार्यकर्त्यांचा स्त्रियांना मोठा आधार वाटत आला आहे. काही शहरांत ‘भरोसा सेल’ आहे. अशा ठिकाणी जरूर जावे. परंतु समुपदेशन हे मार खाऊन परत नांदायला पाठवण्याचे साधन नव्हे, आणि तक्रार घेण्याची ती पूर्वअटही नव्हे. ‘यापुढे असे करणार नाही’ असा नवऱ्याचा लेखी जबाब घेतला गेला, तर त्याची प्रत तिच्याकडे असायलाच हवी. माझ्या मते त्या बैठकीतून मिळणारी सर्वांत मोलाची वस्तू तीच असते.

७. संरक्षण अधिकारी आणि न्यायालय

संरक्षण अधिकारी हे महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत काम करतात. त्यांचा पत्ता मिळत नसेल, तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात, अंगणवाडी सेविकेकडे किंवा १८१ वर विचारा. ते तिची हकिगत ऐकून ठरलेल्या नमुन्यात कौटुंबिक घटना अहवाल तयार करतात, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्यास मदत करतात, निवारा आणि वैद्यकीय मदत मिळवून देतात. नियमांत सुरक्षा योजनेचाही एक नमुना आहे. तो बहुधा रिकामा राहतो, तेव्हा तो भरून घेण्याची आठवण तुम्ही करा. रात्रीच्या आसऱ्याची गरज असेल तर जिल्ह्यातील ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता मुक्काम, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एकाच छताखाली मिळते.

अधिकाऱ्यांच्या अहवालासाठी महिनोन्महिने थांबावे लागत असेल तर थांबू नका. अर्ज ती स्वतः किंवा वकिलामार्फत थेट दाखल करू शकते, आणि असा अहवाल नसला तरी अर्ज चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. वकिलाच्या खर्चाची चिंता प्रत्येक जण बोलून दाखवतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचे कार्यालय असते आणि १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते.

अर्जात काय मागायचे हे आधी ठरवा: हिंसाचारापासून संरक्षण, घरात राहण्याचा हक्क किंवा वेगळ्या घराचे भाडे, खर्चासाठी रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तिचा तिथे राहण्याचा प्रश्नच येत नाही, असे सांगणारे खूप भेटतील. ती जिथे संसार करत होती ते घर सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचे असले तरी ‘सामाईक घर’ ठरू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालानुसार पोटगी मागताना दोन्ही बाजूंना मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. चौथ्या टप्प्यात जमवलेले उत्पन्नाचे पुरावे येथे कामी येतात.

पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि नोटीस बजावणीतच कितीतरी वेळ जातो. म्हणूनच कलम २३ खालील अंतरिम आदेशाचा अर्ज, प्रतिज्ञापत्रासह, पहिल्याच दिवशी दाखल करणे अत्यंत आवश्यक आहे. धोका दिसत असेल तर दुसऱ्या बाजूला न ऐकताही असा आदेश देता येतो.

या काळात तिच्यावर सर्वांत जास्त दबाव येतो तो आपल्याच माणसांचा. भावकीतले वडीलधारे, लग्न जुळवणारे मामा, सोसायटीचे अध्यक्ष, सगळे ‘मिटवून टाका’ म्हणत येतात आणि त्यातले पुष्कळ जण मनापासून भले चिंतत असतात. त्यांना एवढेच विचारा की, पुन्हा हात उचलला गेला तर त्या रात्री ते कोठे असतील. तडजोड करायचीच असेल तर ती न्यायालयापुढे, अटींसह, लेखी व्हावी. बैठकीत तोंडी ठरलेले वचन कोणालाही अमलात आणता येत नाही, आणि अर्ज मागे घेतल्यावर पुन्हा सगळे पहिल्यापासून करावे लागते.

तारखेच्या दिवशी सोबत्याने रजा टाकून जावे, हा माझा आग्रह आहे. व्हरांड्यात सासरचे आठ जण आणि बाकावर ती एकटी, हे चित्र टाळणे कोणत्याही कलमाच्या हातात नाही.

८. आदेश हाती आल्यावर

आदेशाची प्रत विनामूल्य मिळते आणि ती त्या हद्दीतील पोलीस ठाण्यालाही पाठवली जाते. पाठवली जाईल या भरवशावर न राहता एक प्रत स्वतः ठाण्यात देऊन आवक क्रमांक घ्या. तिची संमती असेल तर एक प्रत सोसायटीच्या सुरक्षारक्षकाकडे, मुलांच्या शाळेत आणि ती नोकरी करत असेल तर तिच्या वरिष्ठांकडे ठेवा. फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला कोणाला आत सोडू नये हे माहीत नसेल, तर आदेश कपाटातच राहतो.

संरक्षण आदेशाचा भंग हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भंग झाला हे तिच्या एकटीच्या साक्षीवरूनही न्यायालय ठरवू शकते. तो दारात आला, फोनवर धमकावले, कार्यालयाबाहेर उभा राहिला, तर त्याच दिवशी आदेशाची प्रत घेऊन ठाण्यात जा. या खेपेस कोणी एन.सी. करून घ्या म्हणाले तर आदेशातील कलम दाखवा. आदेश मनासारखा आला नसेल तर सत्र न्यायालयात अपील करण्याची मुदत ३० दिवसांची आहे, आणि ती आदेश बजावला गेल्याच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून ती तारीख प्रतीवरच लिहून ठेवा.